बिनमिठाचा बाजार

"सगळं पूर्वीसारखं लावून दे तुझ्या दादाला, फक्त त्यात खरं काही नको," वहिनी फोनवर म्हणाली, आणि टेबलाखाली गुडघ्यांवर बसलेल्या मुंगीचं डोकं वरच्या फळीला दाणकन आपटलं. एका दंतवैद्याच्या घरी ती चार्टचं सॉफ्टवेअर लावायला आली होती आणि स्क्रीनच्या वायरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या त्या सोडवत होती. वरून दंतवैद्याचा आवाज आला, "लागलं का हो?" ती म्हणाली, "छे छे." लागलं तर होतंच, चांगलंच लागलं होतं, पण त्याहून जास्त लागलं होतं ते वहिनीचं वाक्य. ही तीच वहिनी, जी दारावर आलेल्या विक्रेत्यालासुद्धा 'घरात कोणी नाही' असं आतून सांगू शकत नाही. दार उघडते आणि नको असलेली केरसुणी विकत घेते. ती खोटं मागत होती, तेही इतक्या साध्या आवाजात, जणू येताना दूध आण म्हणतेय. मुंगी तशीच टेबलाखाली बसून राहिली. तिथे धुळीचा आणि गरम झालेल्या प्लास्टिकचा वास होता, दंतवैद्याचे मोजे घातलेले पाय दिसत होते, अंगठे अधीरपणे हलत होते, आणि तिला एकदम वाटलं की इथून बाहेरच निघू नये. बाहेर निघालं की हो म्हणावं लागेल.

चार्ट लावून देणं हा तिचा धंदा. दिवसभर शेअरबाजारात घेणं-विकणं करणारी माणसं तिला बोलावतात. ती जाते, सॉफ्टवेअर चढवते, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणते, कुठल्या स्क्रीनवर दिवसाचा चार्ट आणि कुठल्यावर मिनिटांचा ते ठरवते, भाव ठरल्या जागी पोचला की वाजणारी घंटा बसवते. ऐकायला कोरडं काम. पण माणसं काय एकेक! एकाला लाल रंग सोसत नाही म्हणून पडत्या भावाच्या कॅन्डल, म्हणजे चार्टवरच्या उभ्या कांड्या, तपकिरी हव्यात. तपकिरी पडझड म्हणे कमी दुखते. एकाने घंटेसाठी दाराच्या बेलचाच आवाज निवडला, आणि त्याची बायको आठवडाभर दार उघडायला धावत होती. हा दंतवैद्य म्हणत होता की चार्ट एवढे मोठे दिसायला हवेत की त्यातली कीड दिसेल. मुंगी सगळ्यांना हो म्हणते. तिला वाटतं आपण शिंप्यासारख्या आहोत, माप घ्यायचं, गिऱ्हाइकाच्या पोटाकडे बघायचं, पण पोटाबद्दल बोलायचं नाही. तिने वायरी सोडवल्या, हात झाडत बाहेर आली, दंतवैद्याला स्केलचं बटण दाखवलं आणि सांगितलं की हे आपोआप चालू ठेवू नका, नाहीतर सॉफ्टवेअर चिमूटभर हालचालसुद्धा ताणून पूर्ण पडदाभर दाखवतं आणि माणूस उगाच घाबरतो. हे ती प्रत्येकाला सांगते. आज सांगताना आवाज स्वतःचाच ऐकू येत होता, शेजारच्या खोलीत कोणीतरी बोलत असल्यासारखा.

कारण हे स्केलचं तिला दादाने शिकवलं होतं. तेव्हा सॉफ्टवेअर कुठलं! चौकटीचा कागद, टोक काढलेली पेन्सिल, आणि पट्टी धरायला ती. दादा ऐन तारुण्यात आणि ती फ्रॉकमधली, भिंतीच्या कडेकडेने चालणारी म्हणून मुंगी. "पट्टी घट्ट धर मुंगे, हलली तर बाजार हलला असं वाटेल मला." बाबा आरामखुर्चीतून बघायचे आणि म्हणायचे, "या पोराचं डोकं त्या चौकटीत अडकलंय, आता पोरीचंही अडकवतोय." म्हणायचे हसतच. पुढे दादाचं सगळं आयुष्यच त्या चौकटीत गेलं. सकाळी अंघोळ, भांग, इस्त्रीचा शर्ट, घरातल्या घरात असा कडक पोशाख, आणि बाजार उघडायच्या आत खुर्चीत. वहिनी म्हणायची, "हे ऑफिसला जातात, फक्त रस्ता तेवढा लागत नाही." आणि मग या वर्षी, भर बाजारात, त्याच खुर्चीत, छातीवर हात ठेवून तो वाकला तो वाकलाच. वाचला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, मीठ बंद, जिने बंद, बाजार बंद. वहिनीने स्क्रीन बंद केले, फोन काढून घेतला आणि स्वैपाकघरात फळीवर ठेवला, बातम्या बंद केल्या. पण सकाळी अंघोळ करून, भांग पाडून, दादा त्या काळ्या स्क्रीनपुढे जाऊन बसतो. बाजार उघडल्यापासून बंद होईपर्यंत. समोर फक्त त्याचा चेहरा. विचारलं तर हूं म्हणतो, ताट ठेवलं तर जेवतो. "माणूस घरात आहे गं," वहिनी म्हणाली होती, "आणि घर रिकामं आहे. असंच राहिलं तर हे मला काही दिसत नाहीत पुढच्या वर्षी."

रस्त्यावर ऊन होतं. मुंगी पिशवी खांद्याला लावून चालत होती आणि मनात दादाची कीव यायला हवी होती ती येत नव्हती. हेच तिला खुपत होतं. कीव यायला लागली की मध्ये दादाचं ते जुनं वाक्य आडवं पडायचं. काही वर्षांपूर्वी बाबा गेले त्या दिवशी दवाखान्यात ती एकटी होती. बाबांचा श्वास बदलला तेव्हा नर्स म्हणाली, घरच्यांना बोलवा, आणि तिने दादाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. वहिनी तेव्हा माहेरी गेलेली, घरात दादा एकटा, फोन त्याच्या हाताशी, तो उचलत नव्हता. दवाखान्याची ती हिरवट भिंत, जंतुनाशकाचा वास, कानाशी तो ट्रिंग ट्रिंग आवाज, आणि दुसऱ्या हातात बाबांचा हात, जो कधी नुसता हात झाला तिला कळलंसुद्धा नाही. कळलं नाही, कारण लक्ष फोनकडे होतं. दादा आला तो बाजार बंद झाल्यावर, इस्त्रीच्या शर्टात. दारात उभा राहून म्हणाला, "बाजार कोसळत होता गं. उठताच आलं नाही." बस. एवढंच. तिने काही म्हटलं नाही, नंतरही नाही. येणंजाणं राहिलं, हसणंबोलणं राहिलं, त्याच्या आजारात तिने रात्रीचा दिवस केला, पण ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात बसलं ते बसलंच. जिचा सगळा दिवस जुने चार्ट उघडण्यात जातो, तिने त्या एका दिवसाचा चार्ट कधी उघडून पाहिला नाही. पाहायचं काय त्यात? लालच लाल असणार. तो लाल बघायचा म्हणजे दादाच्या बाजूने साक्ष काढायची. ते तिच्याने होणार नव्हतं.

तरी ती गेली. दादा दार उघडणाऱ्या वहिनीच्या मागे उभा होता, हडकलेला, शर्टाची कॉलर मानेपासून सुटलेली. वहिनी उगाच मोठ्याने म्हणाली, "अहो, मुंगी आलीय, डॉक्टर म्हणाले थोडं थोडं बघायला हरकत नाही." दादाने मुंगीकडे पाहिलं. त्या नजरेत एकदम एवढा ओलावा आला की तिने मान वळवली आणि स्क्रीनवरची धूळ पुसायला घेतली. काम अवघड नव्हतं. या सॉफ्टवेअरमध्ये जुना दिवस पुन्हा चालवायची सोय असते. शिकाऊ माणसं वापरतात. कुठलाही होऊन गेलेला दिवस निवडायचा, तो मिनिटाला मिनिट तसाच चालू लागतो, भाव हलतात, कॅन्डल उमटतात, आज घडत असल्यासारखं. घेतलं-विकलं तर तेही नुसतं लुटुपुटीचं, कुठे जात नाही. वहिनीला हवे होते शांत दिवस. ज्या दिवशी बाजार ना धावला ना पडला, ज्याने काळीज हलणार नाही असे. जशी ती त्याला बिनमिठाची भाजी वाढत होती, तसा बिनमिठाचा बाजार. मुंगीने आधी स्क्रीनवरच्या सगळ्या तारखा बंद केल्या, चुकून एखादी दिसली तर सगळंच मुसळ केरात. भावांचे आकडे काढून नुसती टक्क्यांची पट्टी ठेवली, म्हणजे भाव जुना आहे हे कळायला नको. मग सॉफ्टवेअरला सांगितलं, गेल्या कित्येक वर्षांतले सगळ्यात कमी हललेले दिवस तूच शोध आणि एकामागून एक लाव. त्याने शोधले. तिने एकही उघडून पाहिला नाही. तारखाच नव्हत्या, बघून करायचं काय? वहिनीला बटण दाखवलं, बाजार उघडायच्या ठोक्याला दाबायचं, म्हणजे भिंतीवरचं घड्याळ आणि पडद्यावरचा बाजार जोडीने चालतील. "आकडे कुठे गेले?" दादाने विचारलं. "नवीन पद्धत आहे दादा, आता सगळे टक्क्यांतच बघतात," ती म्हणाली, आणि इतक्या सफाईने म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. त्या नवलात थोडा आनंदही होता, आणि तो काही चांगला आनंद नव्हता. घे, तिला वाटलं, तूही ऐक आता एकदा बाजाराबद्दलची थाप.

आणि दादा माणसात आला! वहिनीचे फोन यायला लागले, आवाज फुललेला. आज दोनदा बोलले. आज शेजाऱ्यांच्या कुत्र्याला नावं ठेवली. आज म्हणाले, बाजार हल्ली फार मवाळ झालाय, माझ्यासारखाच पथ्यावर आहे वाटतं. मुंगी हसली, फोन ठेवला, आणि कुणाच्या तरी घरी टेबलाखाली शिरली. पण रात्री अंथरुणावर पडली की तिला तो दिसायचा, जुन्या दिवसांपुढे ताठ बसलेला, होऊन गेलेल्या गोष्टींची वाट बघणारा, आता काय होतंय म्हणून पुढे झुकणारा. सगळं झालेलं आहे दादा, कधीचंच झालेलं आहे. तिला त्याची लाज वाटायची, मग स्वतःची वाटायची. कुठल्याही घरी चार्ट लावताना ती आता चालू बाजाराकडेही संशयाने बघायला लागली. उमटणारी प्रत्येक कॅन्डल आधी कुठेतरी पाहिली आहे असं वाटायचं. एकदा बसमधून उतरताना समोरून येणारा म्हातारा बाबांसारखा चालत होता, आणि ती चक्क थांबली, तो जवळ येईपर्यंत. जवळ आला तेव्हा तो कोणीतरी भलताच होता, त्याने तिला वेळ विचारली.

मग एक दिवस सकाळीच वहिनीचा फोन आला, आणि आवाज पुन्हा घाबरलेला. "ये बाई लवकर. काहीतरी बिनसलंय. बटण दाबलं, थोडा वेळ बसले, आणि एकदम म्हणाले मुंगीला बोलाव. चहाला हात लावला नाही. काही विचारलं तर नुसतं म्हणतात, मुंगीला बोलाव." मुंगीचा जीव टांगणीला लागला. कळलं वाटतं. आता तो त्या काळ्या स्क्रीनपुढे परत बसणार, आणि या वेळी उठणार नाही; आणि आपण फसवलं, बहिणीने फसवलं, हे घेऊन जाणार. वाटभर ती वाक्यं जुळवत होती. डॉक्टरांनीच सांगितलं. वहिनीच्या जिवासाठी केलं. एकही वाक्य उभं राहत नव्हतं.

दादा खुर्चीत होता. पाठ ताठ, हात मांडीवर. पडद्यावर एक रेघ चालली होती, जेमतेम हलणारी. सुरुवातीला एक छोटी उडी आणि मग सपाट, नुसती सपाट. वहिनी दारातून बघत होती, त्याने मान न वळवता म्हटलं, "अगं, तू जरा आत जा. मला हिच्याशी बोलायचंय." वहिनी गेली. मुंगी स्टुलावर बसली, लहानपणी पट्टी धरून बसायची तशी, त्याच्या डाव्या हाताला.

"दादा, हे मी..."

"ते असू दे. ते मला पहिल्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "बाजार एवढा शहाण्यासारखा रोज रोज वागतो होय? पण तुझी वहिनी बाहेर गुणगुणायला लागली होती. किती महिन्यांनी! म्हटलं चालू दे. तुम्ही मला खेळवताय, मी तुम्हाला खेळवतो." तो हसला नाही. "आजचा दिवस तू निवडलास?"

"नाही. सॉफ्टवेअरने. मी तारखासुद्धा पाहिल्या नाहीत. सगळ्यात शांत दिवस शोध म्हटलं होतं."

"सगळ्यात शांत," दादा म्हणाला. "बरोबर शोधलंन." मग त्याने बोट उचललं आणि रेघेच्या पुढे, जिथे अजून काहीच उमटलं नव्हतं, त्या रिकाम्या काळ्या जागेवर ठेवलं. "इथे एक बारीकसा खड्डा येईल. जेवणाच्या वेळेच्या थोडं आधी. लगेच भरूनही येईल. त्या खड्ड्याच्या वेळी तुझा पहिला फोन आला, मुंगे."

तिला आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि पायाखालची फरशी गार लागायला लागली. ती पडद्याकडे बघत राहिली. ही रेघ? हा तो दिवस? एवढा सपाट? घरात डास नसताना पंख्याखाली झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतका संथ? "पण तू म्हणालास..." तिचा आवाज फाटला. "तू म्हणालास कोसळत होता! दारात उभा राहून म्हणालास! इतकी वर्षं मी... दादा, यात तर काहीच नाही. काहीच नाही यात!"

"काहीच नव्हतं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी एकही सौदा केला नाही. सकाळपासून नुसता बसलो होतो. तू आदल्या दिवशीच सांगितलं होतंस, बरं लक्षण नाही म्हणून. यायला हवं होतं. शर्ट घातला, बूट घातले, आणि खुर्चीत येऊन बसलो. म्हटलं, थोडं बघतो आणि निघतो. मग फोन वाजला. तुझं नाव दिसलं आणि मला कळलंच कशासाठी आहे. मी या रेघेकडे बघत राहिलो. फोन वाजतोय तोवर बाबा आहेत, असं काहीतरी डोक्यात बसलं. उचलला की गेले. नाही उचलला तर आहेत. थांबला की पुन्हा वाजायचा, आणि मला बरं वाटायचं, की चला, अजून आहेत." त्याने तोंडावरून हात फिरवला. "वेडेपणा. पण त्या वेळी अगदी शहाणपणाचं वाटत होतं. म्हणून ही रेघ मला पाठ आहे. दुसऱ्या कुठल्या दिवसाची नसेल एवढी. मग आलो तेव्हा तू तशी बघत होतीस, आणि मला 'मी भ्यालो' असं म्हणवेना. बाजाराचं नाव घेतलं. वाटलं, तू एवढी चार्ट बघणारी, उद्याच उघडून बघशील आणि माझं थोबाड फोडशील. तू उघडलाच नाहीस."

तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, पांढराशुभ्र. ती एकटी होती तिथे! तिच्या कानाशी ती रिंग, आणि हा इथे तीच रिंग ऐकत बसलेला, बाबांना जिवंत ठेवत. आणि रागाच्या आतच, काय करावं कळेना, तिला ते दोन फोन दिसत होते, एका टोकाला ती आणि एका टोकाला हा, मध्ये तीच एक रिंग, दोघंही त्या रिंगलाच धरून बसलेले. ती काहीतरी बोलणार होती, खूप लागेल असं. तिने त्याच्याकडे पाहिलं. कॉलरमधून मान केवढीशी दिसत होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. रेघ हळूहळू त्याच्या बोटाच्या खुणेकडे सरकत होती.

"थांबवू का?" तिने विचारलं. "थांबवता येतं. बटण आहे."

"नको," तो म्हणाला. "तेव्हाही तेच केलं. जाऊ दे पुढे." आणि मग खूप हळू, लहान मुलाने काहीतरी मागावं तसं, "तू फोन कर."

"कुणाला?"

"मला. कर ना."

तिने पिशवीतून फोन काढला. पडद्यावर रेघ जराशी वाकली, अगदी जराशी. आपोआपचं स्केल चालू असतं तर केवढी दरी दिसली असती, पण तिने ते स्वतःच बंद करून ठेवलं होतं, त्यामुळे होता तेवढाच दिसला, नखाएवढा खड्डा. तिने दादाचं नाव दाबलं. आत स्वैपाकघरात, फळीवर, फोन वाजायला लागला. काहीतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि वहिनी फोन हातात घेऊन दारात आली, गोंधळलेली, एकदा वाजत्या फोनकडे, एकदा समोरच बसलेल्या मुंगीकडे बघत. "अगं, तुझाच येतोय हा," ती म्हणाली. दादाने हात पुढे केला. वहिनीने त्याच्या हातात फोन दिला. तो वाजत होता, त्याच्या तळहातात थरथरत होता, आणि दादा त्याच्याकडे बघत होता, आणि मुंगीला वाटलं की हा आताही उचलणार नाही, आपण तिघं इथे असेच बसून राहणार, रिंग संपणार, पुन्हा लागणार.

त्याने उचलला. कानाला लावला.

"हं, मुंगे," तो म्हणाला.

ती त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. तिला त्याचा आवाज दोनदा ऐकू आला, एकदा खोलीतून आणि एकदा कानातून. इतकी वर्षं जपून ठेवलेलं सगळं तोंडाशी आलं आणि त्यातलं काहीच वापरण्यासारखं नव्हतं.

"दादा," ती फोनमध्ये म्हणाली, "बाबा गेले रे. मी एकटीच आहे इथे."

दादाने डोळे मिटले. पडद्यावरचा खड्डा भरून येत होता, रेघ पुन्हा सपाट चालू लागली होती, बाजार बंद व्हायला अजून बराच वेळ होता. त्याने खुर्चीच्या हातावर तळवा टेकला, वहिनी धरायला पुढे झाली, तिला त्याने मानेनेच नको म्हटलं, आणि तो उठून उभा राहिला.

"आलो," तो म्हणाला. "निघालो बघ मी."